इंजिन थंड होईपर्यंत

फोनवर मी भाऊसाहेबांना दोनदा बजावलं होतं. गाडी सुरू करायची नाही, हलवायची नाही, पुसायचीसुद्धा नाही. आम्ही सकाळी येऊ, आणि येऊन हात लावू तेव्हा इंजिन रात्रभराचं थंड हवं.

"होय. आपली सूचना नोंदवून घेतली आहे," ते म्हणाले.

भाऊसाहेब म्हणजे ओरोसच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणत, म्हणून मीही म्हटलं. निवृत्तीनंतर ते नांदगावच्या आत आपल्या गावी, काजूच्या बागेत राहायला आले होते. गुडघे क्लच दाबू देईनात म्हणून त्यांनी सात माणसांची डिझेल गाडी विकायला काढली होती. एवढी माहिती फोनवर मिळाली. बाकीची मी स्वतः काढणार होते.

थंड इंजिनाचा हट्ट कशाला, ते सांगते. जुनं इंजिन तापलेलं असलं की पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरासारखं शहाणं वागतं. तेल पातळ होऊन सगळीकडे पोचलेलं असतं, सैल झालेल्या जागा भरून निघालेल्या असतात, चावी फिरवली की लगेच सुरू. त्याचे खरे गुण बघायचे तर त्याला झोपेतून उठवून बघावं लागतं. किती खेचल्यावर जागं होतं, उठल्या उठल्या खोकतं का, धूर काढतं तो कुठल्या रंगाचा. पांढरा धूर टिकून राहिला तर आत पाणी शिरलंय, निळा म्हणजे तेल जळतंय.

हे शिक्षण मला माझ्या दिराने दिलं. त्याची फी अजून माझ्या अंगणात उभी आहे आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालतात.

आचऱ्याला माझी खानावळ आहे. मी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरले, त्या पाटीतून चार बाकडी उभी केली, बाकड्यांतून स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरातून पाहुण्यांसाठी वरच्या खोल्या. कोणी एक चिरा आणून दिला नाही. पाहुणे वाढले तसं त्यांना स्टेशनवरून आणायला स्वतःची गाडी हवी झाली. दीर कणकवलीत जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. घरचा माणूस, म्हणून त्याच्याकडे गेले. गेले तेव्हा गाडी त्याच्या दारात सुरूच होती.

"बस आत, वयनी. तुका उकडात म्हणान एसी लावन ठेवलंय."

मला केवढं बरं वाटलं! सासरच्या कोणी तोवर माझ्या उकाड्याची चौकशी केली नव्हती. त्या गारव्यात बसून मी भाव केला, माझ्या मते चांगलाच पाडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने ती गाडी सुरू करायला घेतली तेव्हा वाडीतली कुत्री भुंकायला लागली. निळा धूर थेट शेजारणीच्या वाळवणापर्यंत. ती गाडी डिझेल पिण्यापेक्षा इंजिन ऑइल जास्त आवडीने प्यायची. शेवटी भर मे महिन्यात, पाहुणे आत बसलेले असताना, तिने चढावर मान टाकली.

गॅरेजवाल्याने इंजिन खाली उतरवलं. तो काय काढतो, काय घालतो आणि कशाचे पैसे लावतो हे बघायला मी रोज त्याच्या दारात टायरवर जाऊन बसायचे. "ह्या कित्याक? त्या कित्याक?" करून त्याचं डोकं खायचे. वैतागून त्याने एक दिवस सांगितलं की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीवर चाललाय, तिला सोडून द्या आणि मलाही सोडा. गाडीचा नाद मी सोडला. पण तोवर इंजिनाच्या पोटातलं मला बरंच दिसायला लागलं होतं.

पुढे भावकीतल्या एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, मी दिराला सगळ्यांसमोर विचारलं, तापवून ठेवलेली गाडी मला का विकलीस? त्याने भात कालवता कालवता उत्तर दिलं.

"गाडी बरी होती, वयनी. बायलमाणसान बॉनेट उघडून नाक खुपसल्यार बिचाऱ्या इंजिनान काय करूचा?"

पंगत हसली. त्याची बायको, माझी धाकटी जाऊ, तीही हसली. माझा नवरा पापड मोडत बसला. गाडीचं मी विसरले असते. मासळीच्या धंद्यात अधूनमधून नासका माल पदरात पडतोच. पण ते हसणं माझ्या घशात काट्यासारखं अडकलं. त्या दिवसापासून मी दिराशी बोलत नाही.

आता हंगाम पुन्हा जवळ येत होता आणि गाडी हवीच होती. मी घरात जाहीर केलं की ह्या वेळी गाडी मी शोधणार, मी बघणार आणि मीच घेणार. म्हणजे आता फसले असते तर पैसे गेले असतेच, वर भावकीत पुन्हा कधी तोंड उघडता आलं नसतं. आणि माझा सगळा धंदा तोंडावर आहे.

श्रावणात पावसाने जरा उसंत दिली तेव्हा आम्ही सकाळी लवकर स्कूटरवरून निघालो. नवरा चालवत होता, मी मागे बसून नियम सांगत होते. गाडीचं कौतुक करायचं नाही. आपण कोण, कुठले, ते सांगायचं नाही. मालवणच्या बाजूचे, बस्स. खानावळ आहे म्हटलं की भाव चढतो. आणि सौदा ठरेपर्यंत त्यांच्या घरचं पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. चहा घेतला की माणूस पाहुणा होतो, आणि पाहुण्याला भाव पाडता येत नाही.

"चाय पण नाय?" नवऱ्याने स्कूटर हळू करत विचारलं.

"चाय पण नाय."

"मगे माका कित्याक आणलंस?"

"गाडी चालवूक."

भाऊसाहेबांचं घर बागेच्या टोकाला होतं. पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणातच, पत्र्याच्या शेडखाली गाडी उभी. पांढरी, नीट ठेवलेली. पुढच्या काचेवर वायपरमध्ये जास्वंदीचं फूल खोचलेलं. भाऊसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर उभे होते, त्यांनी हात जोडले. मी नमस्कार करायच्या आधी बॉनेटवर तळवा ठेवला आणि झटक्यात उचलला.

गरम. कोमट नव्हे, चांगलं गरम.

"भाऊसाहेब, मी फोनवर काय सांगितलं होतं?"

"काय बरं?"

"गाडी सुरू करू नका म्हणून सांगितलं होतं ना? एकदा नाही, दोनदा!"

"होय. त्यानुसार काल संपूर्ण दिवस सदर गाडी..."

"कालचं कोण विचारतंय? हिच्यावर आत्ता घावणे काढता येतील! आम्ही स्कूटरवर एवढ्या लांबून येतोय आणि तुम्ही इथे इंजिन शेकवून ठेवताय. असले तापवून विकणारे मी बघितलेत. एसी लावून नाही ठेवलात ते माझं नशीब!"

एसीचं त्यांना काही कळलं नाही. माझी तक्रार करावी तसं त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं, आणि माझा नवरा माडांकडे बघायला लागला.

"बाई, आपला गैरसमज होतोय. गाडी केवळ देवळाकडे नेऊन आणली. गाऱ्हाणं घालायला."

बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. आमच्याकडे घरातून मोठी वस्तू जायची असो किंवा घरात यायची असो, गावदेवाच्या कानावर घातल्याशिवाय होत नाही. देवासमोर नारळ ठेवायचा, जाणत्या माणसाने उभं राहून सगळी हकीकत देवाला मोठ्याने सांगायची, आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ह्याला गाऱ्हाणं म्हणतात. बैल विकतानाही घालतात. तरी माझा राग उतरेना.

"मगे गाऱ्हाण्याक गाडी कित्याक व्हयी? तोंडान सांगूचा होता!" रागावले की माझी पुस्तकी भाषा सुटते.

त्यांचीही सुटली. "देवाक वस्तू दाखवल्याशिवाय गाऱ्हाणा कसला घालतलात? आणि गाऱ्हाणा संपासर गाडी चालूच ठेवलंय. मधीच बंद पडली तर देवासमोर काय शोभा?"

खानावळीची पहिली चूल पेटवण्याआधी मी स्वतः पातेलं डोक्यावर घेऊन गावदेवाला दाखवून आले होते. तेवढ्यात भाऊसाहेबांची बायको बाहेर आली, काकी म्हणू या त्यांना, आणि त्यांनी माझ्या हातावर ओल्या खोबऱ्याचा तुकडा ठेवला. प्रसाद तळव्यावर असताना भांडता येत नाही. मी तो खाल्ला.

"गरम तर गरम," नवरा हळूच म्हणाला. "चालवन बघूया आणि जावया."

"गप ऱ्हव. थंड होय पर्यंत मी हयसून हलणंय नाय."

"दुपार होतली गो."

"होवंदे."

अशी मी भाऊसाहेबांच्या पडवीत ठाण मांडून बसले. पाऊस परत सुरू झाला. काकींनी चहा आणला. मी नको म्हटलं. नवऱ्याने कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कप उचलला.

"प्रसाद घेतलंस मां? आता चाय काय वेगळो?" असं मला कानात सांगून तो प्यायला.

एक तासाने जाऊन मी बॉनेटला हात लावून आले. भाऊसाहेब लांबून बघत होते, जणू मी त्यांच्या बैलाचा ताप बघतेय. मग जेवणाची वेळ झाली. काकींनी पानं मांडायला घेतली. अळूचं फदफदं आणि काळ्या वाटाण्याची आमटी, वास पडवीभर. पण नियम तो नियम. मी सांगून टाकलं की आज माझा उपास आहे.

"अगो बाये, आधी नाय सांगायचा?" काकी उठल्याच. "थांब, वऱ्याचे तांदूळ घालतंय."

माझ्या एका माणसासाठी त्यांनी वेगळी चूल पेटवली, शेंगदाण्याची आमटी केली, ताकाला फोडणी दिली. समोर नवरा अळूचं दुसऱ्यांदा वाढून घेत होता आणि मी वरी खात होते. पाहुणी व्हायचं टाळायला गेले आणि घरात सगळ्यात मोठी पाहुणी मीच झाले.

जेवणानंतर काकी पडवीत सुपात तांदूळ घेऊन माझ्याशेजारी बसल्या.

"तुका इंजिनातला कळता म्हणे?"

"थोडा थोडा."

"मगे नीट बघ हां बाये. अगोदर एक येवन गेलो, कणकवलीसून. झाकण उघडल्यान आणि म्हणाक लागलो, काकी, इंजिन गेला. भितूर पाणी तेलात मिसळता. आता भंगार म्हणानच इकूक व्हयी. त्या दिसापासून ह्यांका झोप नाय."

मी उडालेच. "हे तुम्ही मला फोनवर सांगितलं नाही, भाऊसाहेब!"

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "सांगणारच होतो."

"कधी? पैसे मोजून झाल्यावर?"

"आपण पाहणी केल्यावर," भाऊसाहेब दारात आले. "आधी सांगितलं असतं तर आपलं मत त्यांच्या मतासारखं झालं असतं. दुसरं मत स्वतंत्र पाहिजे, नाहीतर त्याचा उपयोग काय?"

"आणि गाऱ्हाण्यात ह्याच सांगला," काकी म्हणाल्या. "गाडी जेच्या घराक जाईत, तेका फसवल्याचो दोष आमका लागां नये म्हणान."

इतक्या वर्षांत मी पुष्कळ विकणारे बघितले. त्यांपैकी कोणी माझ्या वतीने देवाकडे गेलं नव्हतं.

"माणूस बरो होतो पण तो," काकी सूप हलवत पुढे म्हणाल्या. "भंगाराच्या भावात कित्याक होईना, मी न्हेतंय म्हणालो. आचऱ्याक माझी वयनी खानावळ चालवता, तिका गाडी मीच घेवन दिलंय, तिका इचारा म्हणालो. आता त्या वयनीक आमी खंय शोधूची?"

नवऱ्याला ठसका लागला. त्याने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तो बराच वेळ खाली आणला नाही.

मी काकींच्या सुपातला एक खडा उचलून खळ्यात भिरकावला. नवरा नंतर म्हणाला की लग्न झाल्यापासून त्याला माझी एवढी भीती कधी वाटली नव्हती. माझं नाव सांगून हा माणूस गाड्या गोळा करत फिरतोय! माझ्या अंगणातल्या खुराड्याच्या जोरावर! मी उठले आणि बॉनेटवर हात ठेवला. पावसाने मदत केली होती. ते मडक्यासारखं गार लागलं.

"चला," मी म्हटलं.

आधी रेडिएटरचं झाकण. ते थंड इंजिनावरच उघडायचं, नाहीतर चेहरा भाजून निघतो. आतलं पाणी हिरवं, स्वच्छ, वर तेलाचा तवंग नाही. मग तेल मोजायची पट्टी काढली, कागदाने पुसली, परत घालून काढली. तेल काळं, पण नितळ. पातळी जागेवर. मग मी इंजिनावरचं, तेल ओततात तिथलं झाकण फिरवून काढलं आणि उलटं केलं.

आतून पिवळट पांढरी साय चिकटलेली. बोटाने निघाली, लोण्यासारखी.

"ह्याच," भाऊसाहेब माझ्या खांद्यामागून म्हणाले. "ह्याच तेणी दाखवल्यान."

पाणी आणि तेल घुसळलं की असंच लोणी येतं, आणि ते आतून, गास्केट फुटून येत असेल तर इंजिन उतरवण्याशिवाय इलाज नाही. म्हणजे दीर बरोबर? मी तसंच झाकण हातात धरून उभी राहिले. मग परत पट्टी काढून बघितली. पाणी तेलात खरंच मिसळत असतं तर पट्टीवरचं तेलही चहासारखं दिसलं असतं. ते दिसत नव्हतं. दूध फक्त वर, झाकणाला.

"भाऊसाहेब, गाडी कुठवर नेता तुम्ही?"

"कुठवर म्हणजे? देवळापर्यंत. तिठ्यावर रेशनला."

"त्याच्यापुढे?"

"गुडघे नेऊ देत नाहीत."

"आणि कणकवली, ओरोस?"

"एसटी आहे की."

मला टायरवर बसून बघितलेली एक गाडी आठवली. आमच्याकडच्या एका डॉक्टरांची, घर ते दवाखाना एवढीच चालणारी. तिच्याही झाकणाला असंच लोणी होतं. गाडी जरा चालली, बॉनेट गरम झालं, बंद केली. पण आतली वाफ उडून जाईल इतकी ती कधी चाललीच नाही. पावसाळ्यात आपल्या घरातल्या भिंतींना घाम येतो, मग झाकणाला येणार नाही?

पण अंदाज वेगळा आणि खात्री वेगळी. मी नवऱ्याला चावी फिरवायला सांगितली आणि मागे जाऊन धुराच्या नळीशी उकिडवी बसले. एका दमात सुरू झाली. पांढरा फुसकारा आला, विरला, आणि मग काही नाही. निळं नाही, रेडिएटरचं हिरवं पाणी जळतं तेव्हा येतो तो गोड वास नाही. पुढे येऊन तेलाचं झाकण उलटं, सैल ठेवलं. झिजलेलं इंजिन ते उडवून लावतं. हे नुसतं थरथरत राहिलं. रेडिएटरला जोडलेल्या पाण्याच्या डब्यात बुडबुडे नाहीत. मी झाकण चकचकीत पुसलं, घट्ट लावलं आणि म्हटलं, आता फोंड्याच्या घाटात.

"मी पण येतंय," काकी म्हणाल्या आणि चपला घालून आधी जाऊन खिडकीत बसल्या. घरच्या गाडीतून त्या कित्येक दिवसांत तिठ्यापलीकडे गेल्या नव्हत्या. घाट चढताना मी तापमानाच्या काट्याकडे बघत होते, आवाज ऐकत होते, नवऱ्याला तिसऱ्या गिअरमध्ये ठेव म्हणून ओरडत होते, आणि मागे काकी भाऊसाहेबांना विचारत होत्या, "अवो, त्यो बघा धबधबो! आमका कधी दाखवूक नाय तो?" काटा अर्ध्यावर जाऊन बसला तो हलला नाही. वर गाडी वळवली, तेवढ्याच जोरात खाली आलो.

खळ्यात आल्यावर गाडी जरा निवू दिली आणि सगळ्यांसमोर झाकण काढलं. आतून तेलाची चकाकी. लोण्याचा कण नाही.

मला उत्तर मिळालं होतं. फक्त मलाच. भाऊसाहेबांनी झाकण बघितलं होतं, पण त्यातून काय समजायचं ते त्यांना कळलं नव्हतं.

"गेलंय ना?" ते म्हणाले. "जे असेल ते सांगा, बाई. त्या गृहस्थांनी भाव सांगितला त्यावर थोडं घाला आणि तुम्हीच घेऊन जा. मला आता ही दारात नको. झोप उडाली आहे."

नवऱ्याने माझ्या पायावर पाय ठेवला. दाबला. त्याला काय म्हणायचं होतं ते मला बुटावरून कळत होतं. असा सौदा मला जन्मात मिळाला नव्हता. इतकं चांगलं इंजिन, भंगारापेक्षा जरा वर. मी काही खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसता एक उसासा टाकायचा. "बघते कसं काय जमतं ते," एवढंच म्हणायचं. मासळीच्या बाजारात मी हे हजार वेळा केलंय.

पण तो उसासा टाकला असता तर दीर बरोबर ठरला असता. इंजिन गेलं म्हणून त्याने सांगितलं आणि मीही तेच सांगितलं, असं झालं असतं. उद्या गाडी माझ्या दारात बघून तो म्हणाला असता, मी आधीच ओळखलं होतं. पंगतीत, भात कालवत.

"कोणाचं इंजिन गेलंय?" मी कडाडले. "काय एक झालेलं नाही! लांब चालवत नाही म्हणून झाकणाला घाम येतो, एवढंच. जो येऊन गेला त्याला घाम आणि फुटलेलं गास्केट ह्यातला फरक कळत नाही. आणि कळत असेल तर तो चोर आहे! हे इंजिन आपल्या चौघांपेक्षा धडधाकट आहे. अजून दहा पावसाळे बघेल!"

नवऱ्याने पाय काढून घेतला आणि डोळे मिटले.

भाऊसाहेब सरळ झाले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. त्यांच्या आतला कारकून जागा झालेला मला दिसला, पण आता उशीर झाला होता.

"हे आपलं निश्चित मत समजायचं?"

"लिहून देते!"

"मग मूळ किंमत कायम ठेवायला हरकत नसावी."

पुढचा तास मी टायरवरून भांडले, बॅटरीवरून भांडले, दाराखालच्या गंजावरून भांडले. भाऊसाहेब प्रत्येक मुद्दा ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "परंतु इंजिन उत्तम आहे, असं आपणच म्हणालात." शेवटी काकींनी भाऊसाहेबांना दटावलं, "अवो, बाईन खरा सांगल्यान म्हणान तुमका कळला. कायतरी सोडा मरे!" तेव्हा कुठे ते थोडे खाली आले. माझ्या मनातल्या आकड्याच्या बरेच वर, पण खाली. मी हो म्हटलं, आणि मग काकींकडे चहा मागितला. दोन कप प्याले.

"उपास आसा मां तुझो?" काकींनी विचारलं.

"चाय चालता."

तो येऊन गेलेला माणूस आपला सख्खा भाऊ आणि आचऱ्याची वयनी ती हीच, हे नवऱ्याने तेव्हा सांगून टाकलं. काकींनी कपाळावर हात मारला. भाऊसाहेबांनी मात्र शांतपणे फोन उचलला. त्या गृहस्थांना निर्णय कळवायचं त्यांनी कबूल केलं होतं, आणि ते कळवणारच. कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो.

"नमस्कार. सदर गाडीची विक्री झाली आहे. इंजिन उत्तम असल्याचा अभिप्राय मिळाला."

"उत्तम?" दिराचा आवाज पडवीभर घुमला. "कोणाचो अभिप्राय?"

"आपल्या वयनींचा."

पलीकडून फोन बंद झाला.

नवरा गाडी घेऊन पुढे निघाला आणि मी स्कूटरवरून मागे. नांदगावपासून आचऱ्यापर्यंत भिजत आले. सगळ्या वाटेत मी त्याच्या धुराच्या नळीवरची नजर काढली नाही. घरी पोचल्यावर तो एवढंच म्हणाला, "नुसतो एक उसासो टाकूचो होतो गो." त्या रात्री मी त्याला जेवायला वाढलं, पण बोलले नाही.

गणपतीला सगळी भावकी मूळ घरी जमते. आम्ही त्या गाडीतून गेलो आणि ती अंगणात, सगळ्यांना दिसेल अशी उभी केली. बाकीचे येऊन बघून गेले, दरवाजे उघडझाप करून गेले. दीर फिरकला नाही. मला वाटलं, संपलं.

दुपारी आरती झाली, पुरुषमाणसं जरा लवंडली आणि आम्ही बायका आत मोदक करत होतो. मी खिडकीशी बसले होते. दीर मागच्या दाराने बाहेर आला. इकडे तिकडे बघितलं, गाडीत हात घालून खटका ओढला आणि बॉनेट वर केलं. झाकण काढलं, उलटं करून बघितलं, परत लावलं. मग तेलाची पट्टी ओढून काढली. पुसायला काही नव्हतं. जरा विचार करून त्याने ती आपल्या नव्या पांढऱ्या सदऱ्याच्या टोकाला पुसली, परत आत घातली, काढली आणि उजेडाकडे धरून उभा राहिला.

जावेने माझ्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघितलं. "अवो, ह्या काय केलात? आजच घातलेलो मां सदरो?"

दीर वळला. त्याला मी दिसले. पट्टी त्याच्या हातात तशीच होती.

मी त्याच्याशी बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा मी हातातल्या मोदकाला कळी पाडत, कोणाकडे न बघता, मोठ्याने विचारलं,

"तेल नितळ आसा मां?"